धोंड्याच्या महिन्यात

निशिगंधाशी लग्न करून चंद्रहासला काय काय मिळणार होतं, हे एकट्या चंद्रहासला सोडून सगळ्यांचं तिला सांगून झालं होतं. आयतं वर्क परमिट असलेली बायको. म्हणजे पुण्याहून मुलगी पसंत करा, तिचा व्हिसा अडकू द्या, मग वर्षभर फोनवर संसार करा, ही भानगड नाही. स्वतःची गाडी असलेली, आणि गाडीपेक्षा मोलाचं म्हणजे पहिल्या फटक्यात ड्रायव्हिंग टेस्ट पास झालेली. चंद्रहास दोनदा नापास होऊन तिसऱ्या तारखेच्या रांगेत उभा होता, आणि आयर्लंडातल्या ल्यूकनची बस यायची तेव्हाच यायची. दोघांच्या पगारावर मागे अंगण असलेलं घर. शिवाय रविवारी दुपारी शॉपिंग सेंटरला न्या म्हणून न रुसणारी बाई, जिला टेकडीवर नेऊन एक दगड दाखवला की दिवसभर खूश. ही शेवटची रक्कम मात्र त्याने स्वतः धरलेली होती. "तुझा छंद बरा आहे," तो म्हणाला होता, "दगड बघायला तिकीट नसतं आणि दगड सहाला बंद होत नाहीत." निशिगंधा मनापासून हसली होती. माणूस विनोदी आहे, हे तिने त्याच्या जमेला मांडलं. तिला स्वतःला काय मिळणार हे मात्र कोणी बोलत नव्हतं. सव्वीस उलटलेल्या मुलीला काय मिळतं, हे काय सांगायचं असतं?

मे महिन्यातल्या त्या रविवारी ती ल्यूकनला माधवीताईच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसली होती. माधवीताई तिची मावसबहीण. स्थळ तिनेच काढलेलं. त्यामुळे निशिगंधाने ॲथलोनहून गाडी हाणत यायचं, चंद्रहासने पलीकडच्या इस्टेटमधून चालत यायचं, आणि दोघं एकाच वेळी जेवायला आली हा निव्वळ योगायोग आहे असं सगळ्यांनी दाखवायचं, अशी व्यवस्था होती. चंद्रहासने जाकिटाच्या खिशातून किचन रोलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कोथिंबिरीशेजारी ठेवलं. "ओळख," तो म्हणाला. माधवीताईचा नवरा पियूष दारातूनच ओरडला, "अरे, अंगठी अशी देतात होय? डबी तरी घ्यायचीस!" निशिगंधाने कागद उलगडला. पांढरा दगड. मोठ्या लिंबाएवढा, एका बाजूने दुधी, दुसऱ्या बाजूला काळी माती अजून चिकटलेली. "तुझ्या टेकडीवरचा," चंद्रहास म्हणाला. "मागच्या रविवारी गेलो होतो ना, तू आत बसली होतीस तेव्हा उचलला. तुला इतकं आवडतं, तर म्हटलं घरात एक असू दे." माधवीताईने हातातला झारा तसाच वर धरला. "अगं बाई! धोंड्याचा महिना लागलाय, जावयाला अनारसे द्यायचे तर हा जावईच आपल्याला धोंडा घेऊन आला!" सगळे हसले. विनोद चांगलाच होता, त्यात शंका नाही. निशिगंधाच्या बोटांत कोथिंबिरीची काडी मोडली, आणि ती मोडली हे तिला आधी नाकाने कळलं.

"कुठून उचललास?" तिने विचारलं. "तिथूनच गं. त्या ढिगातून. हजारो पडलेत." हजारो पडले होते, हे खरं होतं. पण तिला वाटलं, आपण ज्या घरात हलक्या पावलांनी जातो त्या घरात हा आपल्या मागून आला, आणि आपण आत असताना याने बाहेर खिसा भरला. तेवढ्यात माधवीताईने प्रेस उघडून (आयर्लंडात आल्यापासून ती कपाटाला प्रेसच म्हणायची) काचेची एक वाटी काढली आणि दगड तिच्यात ठेवूनही दिला. "शोकेसमध्ये ग्रँड दिसेल." वाटी श्रीखंडाची होती.

हे वेड तिला कसं लागलं, असं लोक विचारत, आणि प्रत्येकाला ती वेगळं उत्तर देई, कारण खरं उत्तर ऐकायला कोणी थांबत नसे. पहिल्या हिवाळ्यात ॲथलोनच्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर म्हणून रुजू झाली तेव्हा साडेचारला अंधार पडायचा, आणि घरमालकीण ब्रीडा तिला म्हणाली होती की पोरी, असंच खोलीत बसलीस तर मार्चपर्यंत भिंतीशी बोलायला लागशील. मग रविवारी नकाशा घेऊन निघायचं. नकाशावर लाल अक्षरांत बारीक बारीक नावं होती, गढीची, विहिरीची, उभ्या दगडाची, आणि प्रत्यक्षात तिथे जावं तर बहुधा एक कुंपण, चार गाई आणि गवतात एक गोल उंचवटा. एवढंच. पण त्या उंचवट्यावरचं काटेरी झाड शेतकऱ्याने नांगर वळवून राखलेलं असायचं. कशासाठी राखलं, विचारलं तर तो हसून म्हणायचा, "ते आपलं तिथेच बरं." हे उत्तर निशिगंधाला एवढं आवडलं होतं की कंपनीतल्या मीटिंगमध्ये ती ते मनातल्या मनात वापरायची. पहिल्यांदा मोठी टेकडी पाहून आली तेव्हा उत्साहात तिने नागपूरला फोन केला. "आई, आज एक स्थळ पाहून आली." तिकडे एवढी शांतता पसरली की तिला वाटलं कार्ड संपलं. मग आईचा आवाज, जपून, "कोणासोबत गेली होती?" "एकटीच." "एकटी कशी गेली तू? आणि कसं आहे?" "काय सांगू तुला. फार जुनं आहे गं." "जुनं म्हणजे? वय काय आहे त्याचं?" "पाच हजार वर्षं." आईला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिने फोन बाबांच्या हातात दिला. ती गोष्ट माधवीताईमार्फत ल्यूकनभर झाली. चंद्रहासपर्यंतही गेली, आणि पहिल्या भेटीत त्याने हात पुढे करून म्हटलं होतं, "मी पण एक स्थळच. जरा नवीन बांधकाम आहे, सांभाळून घ्या." त्या एका वाक्यावर तिने त्याच्याबरोबर चार रविवार काढले होते, आणि वाक्य खरंच तेवढ्या किमतीचं होतं.

टेकडीची गोष्ट त्याला तिनेच सांगितली होती. मीथ परगण्यातली ती टेकडी एका म्हातारीची. म्हातारी ओच्यात दगड भरून एका टेकडीवरून दुसरीवर उडी मारत गेली, आणि प्रत्येक उडीला ओच्यातून दगड सांडले, त्यांचे हे ढीग. सगळ्या उड्या जमल्या असत्या तर ती अख्ख्या आयर्लंडची राणी झाली असती. शेवटची चुकली. चंद्रहासने विचारलं होतं, "मग?" "मग मेली." "आणि नवरा?" "गोष्टीत नाहीये." "तरीच," तो म्हणाला होता. तेव्हाही ती हसली होती. आता श्रीखंडाच्या वाटीतल्या दगडाकडे पाहताना तिला ते 'तरीच' परत ऐकू आलं आणि हसू आलं नाही. गोष्टीत नवरा नाही, हेच तर तिला त्या म्हातारीचं आवडलं होतं. तिचं लग्न का झालं नाही, झालं असेल तर टिकलं का नाही, असं पाच हजार वर्षांत एकाही माणसाने विचारलेलं नव्हतं. दगड किती, उड्या किती, एवढीच तिची चौकशी. आणि दगडांच्या ढिगाच्या आतला तो बोळ. वाकून जायचं, खांदा दगडाला घासायचा, मग आत एका माणसाला बसता येईल एवढी खोली, ओल्या पोत्यासारखा वास, आणि टॉर्च भिंतीवर आडवा धरला की कोरलेली वर्तुळं एकेक करून वर येतात, जशी काही आपण आल्यावरच उठली. त्यांचा अर्थ कोणालाच माहीत नाही. माहीत नाही असं तिथल्या फलकावर सरळ लिहिलेलं होतं, आणि तो फलक निशिगंधाला त्या वर्तुळांइतकाच प्रिय होता. पियूषला नव्हता. पियूषच्या मते हे सगळं आपल्याकडूनच गेलेलं होतं. "राथ म्हणजे काय? रथ! राथमाइन्स, राथगार, सगळीकडे रथ. आणि त्यांची ती देवी दानू, ती आपल्या वेदात आहे. उगाच नाही हं." दर गणपतीत तो हे सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे, कारण परक्या देशात भाडं भरणाऱ्या माणसाला मूळ मालक आपणच आहोत हे ऐकायला बरं वाटतं. निशिगंधाला बरं वाटत नसे. राथ म्हणजे मातीचा गोल बांध, त्याला चाकं नव्हती. तिला जगात एक तरी गोष्ट अशी हवी होती की जी आपल्याकडून गेलेली नाही, आपल्यासाठी नाही, आणि तरीही आपल्याला आत येऊ देते.

"परत ठेवायला हवा," ती म्हणाली. "काय?" "दगड." पियूषला वाटलं, विनोदच चाललाय. "शाप-बिप लागतो की काय? तुम्ही नागपूरवाले पण ना." "शाप नाही लागत." "मग झालं तर." "त्याचा नाही तो," निशिगंधा म्हणाली, आणि खोलीतली हवा थोडी बदलली, फोडणीतली मोहरी तडतडायची थांबल्यावर बदलते तशी. पियूषने आवाज मोठा केला. "अगं, पेपर वाचतेस ना? इथलेच लोक त्यांच्या त्या राजांच्या टेकडीशेजारून मोटारवे नेतायत. बुलडोझर लागलेत. आणि याने एक दगड उचलला तर तू..." "त्यांनाही मी होकार दिलेला नाही," ती म्हणाली. चंद्रहास हसला, पण एकटाच, आणि मधेच थांबला. माधवीताईने पोळी टम्म फुगवली आणि ती चंद्रहासच्या ताटात टाकली, जणू भरपाई. जेवण झाल्यावर निशिगंधाने वाटीतून दगड काढला, रुमालात बांधला आणि पर्समध्ये घातला. पर्स गाडीत शेजारच्या सीटवर ॲथलोनपर्यंत माणसासारखी जड बसून राहिली.

आता विचार करताना तिला आठवलं की असा दगड तिने पहिल्यांदा पाहिला तो नागपूरच्या काटोल रोडवर. दहाएक वर्षांची असेल. बाबांची स्कूटर जुनापाणीपाशी बंद पडली, बाबा प्लग काढून फुंकत बसले, आणि ती रस्ता सोडून आत गेली. उन्हाने पिवळं पडलेलं गवत, आणि त्यात काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं. एकाशेजारी एक, एवढी की मोजताना चुकायला होत होतं. काही दगडांवर ओळीने खळगे होते, बोटाचं टोक बसेल एवढे. तिने बोट घातलं. दगड तव्यासारखा तापलेला, पण खळग्याच्या आत गार. कोणी केलं हे, तिने बाबांना विचारलं. बाबा, पद्माकरराव, महानगरपालिकेतले हुशार माणूस, सगळ्या प्रश्नांना उत्तर असलेले, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चाल लवकर. धोंडे काय पाहून राहिली?" पुढे कधीतरी शाळेत कोणी तिला म्हणालं की ती वर्तुळं फार जुनी आहेत, माणसं पुरलेली आहेत, पण तेव्हा ती बारावीच्या गणितात होती. सबंध नागपूर त्या रस्त्याने संत्री आणायला जात होतं. थांबत कोणीच नव्हतं, आणि ज्यांची गाडी बंद पडे तेही दगडाकडे पाठ करूनच उभे राहत, पुरुषांच्या नैसर्गिक कारणासाठी. म्हणून ती सात समुद्र ओलांडून दुसऱ्यांचे दगड पाहत होती काय? असेल. पण मग तिथे घातलेलं बोट तिने गार झाल्यावर बाहेर काढलं होतं. खळगा उचलून घरी आणला नव्हता.

सोमवारी आईचा फोन आला. ल्यूकनहून नागपूर तिला जितकं लांब वाटायचं तितकं ते नव्हतं. "काय करून राहिली वं तू? एका धोंड्यापायी?" "मी अजून काही केलं नाही आई." "माधवी सांगून राहिली होती, तू तोंड पाडून बसली. त्या पोराने प्रेमाने आणलं." "हो, प्रेमानेच आणलं." "मग?" मग काय, हे निशिगंधाला आईच्या भाषेत सांगता येईना. ब्रीडाला सांगायला सोपं गेलं. ब्रीडाने खिडकीतल्या दगडाकडे पाहिलं, चहाचा कप बाजूला सरकवला. "आमच्याकडे म्हणायचे, असा दगड नेला की माणसाची गाय आटते. पण युवर मॅनकडे गाय कुठे आहे?" थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला विचारून आणला का?" "नाही." "हं," ब्रीडा म्हणाली, आणि कप परत जवळ ओढला. त्या एका अक्षरापुढे काही नव्हतं, पण निशिगंधाला ते दोन दिवस पुरलं. तिने स्वतःला पक्कं बजावलं: तो परत ठेवायला नाही म्हणेल, आपण अडून बसू, आणि मग सगळ्यांना दिसेल. नकाराचं कारण तयार होतं. हातात मावेल एवढं, मातीसकट.

आणि बुधवारी चंद्रहासचा फोन आला. "ऐक, मी विचार केला. तुझं बरोबर आहे. रविवारी जाऊ आणि ठेवून येऊ." सरळ, नीट, कुठेही टोमणा नाही. "थँक्यू," ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हरलो. तिने बांधून ठेवलेलं कारणच त्याने तिच्या हातून काढून घेतलं होतं, तेही चांगुलपणाने. आता नाही कशासाठी म्हणायचं? मुलगा हसरा, निर्व्यसनी, चूक कबूल करणारा. एवढं तर देवही करत नाहीत. माधवीताईचा मेसेज आला, त्यात तीन उद्गारचिन्हं. आई म्हणाली, "पाह्य, किती समजदार आहे. धोंड्याचा महिना सरला का तारीख काढू." निशिगंधा कंपनीत सर्किट बोर्ड तपासत बसली, आणि प्रत्येक बोर्ड पास होत होता, हिरवा दिवा, हिरवा दिवा, आणि एकातही दोष सापडू नये याचं तिला वाईट वाटत होतं.

रविवारी तिने त्याला ल्यूकनहून उचललं. वाटेत तो छान बोलला. टेस्टच्या परीक्षकाची नक्कल केली, ट्रलीला त्याचा मित्र आहे तिकडेही म्हणे दगड आहेत, दिवाळीत जाऊ, असं म्हणाला. टेकडीवर वारा होता आणि मेंढ्या होत्या. त्याचे बूट नवे, पांढरे. अर्ध्या वाटेतच चिखलाने ते वयात आले. वर पोचल्यावर तिने पर्समधून रुमाल काढला आणि सोडला. "कुठे होता?" ती म्हणाली. "इथेच." "इथे कुठे?" त्याने ढिगाकडे हात फिरवला, सगळ्या ढिगाकडे. मग तिच्या हातातून दगड घेतला आणि वर भिरकावला. दगड दोनदा टणटणला आणि इतरांत जाऊन बसला. कुठला, ते परत सांगता आलं नसतं. चंद्रहासने तळहात एकमेकांवर झटकले. "झालं?"

तो हसऱ्या चेहऱ्याने उभा होता, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं, आणि वाट पाहत होता. दुकानदार सुटे मोजून देईपर्यंत माणूस काउंटरपाशी उभा राहतो तसा. तिला एकदम सगळं स्पष्ट दिसलं, टॉर्च आडवा धरल्यावर दिसतं तसं. त्याने दगड आणला तोही तिच्यासाठीच, परत ठेवला तोही तिच्यासाठीच. टेकडीशी त्याचं येताना काही नव्हतं, जाताना काही नव्हतं. उद्या घर घेतील ते तिच्यासाठी, शोकेस तिच्यासाठी, आणि तिने फक्त दर वेळी खूश व्हायचं.

"आता तुझ्या आईला कळवूया ना?" तो म्हणाला. "काय कळवू?" "हो म्हणून." "मी हो म्हणत नाहीये, चंद्रहास." त्याला आधी वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही असं वाटलं. "पण मी ठेवला की परत!" "हो. बरं केलंस." "मग आता काय राहिलं?" "काही नाही राहिलं." "अगं, कारण तरी सांगशील? मी लोकांना काय सांगू?" "एका दगडासाठी नाही म्हणाली, असं सांग." "तो तर..." त्याने ढिगाकडे बोट केलं. "तो तर तिथे आहे!" "माहीत आहे." "हे वेडेपणाचं आहे, निशिगंधा." "असू दे." टेकडीवर अशी एक मेंढी होती की जी त्या दोघांकडे बघत एकसारखी चघळत होती, आणि तिलाही कारण नको होतं.

नकार देऊन झाला की माणसाने निघून जावं, अशी पद्धत आहे. पण गाडी एक होती, लायसन्स एक होतं, आणि टेकडीखालून ल्यूकनला जाणारी बस नव्हती. त्यामुळे नाकारलेल्या माणसाला शेजारी बसवून निशिगंधाने नीट, वेगाची मर्यादा पाळून, त्याच्या दारापर्यंत पोचवलं. रेडिओवर हर्लिंगची मॅच चालू होती आणि दोघांनाही तिच्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून दोघांनीही ती फार लक्ष देऊन ऐकली. उतरताना त्याने दार हळू लावलं. आपटलं असतं तर तिला सोपं गेलं असतं, आणि ते त्याला माहीत नव्हतं. तो वाईट नव्हता. हे ती पुढे माधवीताईला म्हणाली तर माधवीताई भडकलीच. "वाईट नव्हता मग तुला हवंय तरी काय? चांगला सापडला तर नाही म्हणायचं, अशी कुठली तऱ्हा? तुला मी बहीण म्हणून सांगते, उद्या रडशील." "रडेन, ताई." "एकटी राहशील." "राहीन." "तुला ना, एक चपराक..." "दे की. पण उत्तर तेच राहील."

या नकारापायी कोणी किती भरलं, हे दिवाळीपर्यंत स्पष्ट झालं. चंद्रहासचा एक रविवार गेला, बूट गेले, आणि काही महिने मित्रांनी त्याला 'धोंडीबा' म्हणून हाक मारली. मग पुण्यातली एक गोड मुलगी ठरली, आणि तिच्या व्हिसाची फाइल कुठल्यातरी टेबलावर पडून राहिली. माधवीताईच्या शब्दाला ल्यूकनमध्ये जे वजन होतं ते उतरलं. पुढच्या दोन स्थळांना तिला कोणी विचारलं नाही. आईने नागपुरात भिशीला जाणं बंद केलं, आणि फोनवर हवामान विचारायला लागली, जे तिने जन्मात कधी विचारलं नव्हतं. टेकडीलाही भरावं लागलं. तिच्यावरचा एक दगड, वरची माती खाली आणि खालची वर अशा अवस्थेत, आपल्या नसलेल्या जागी पडला आहे, आणि तो कुठला हे म्हातारीलासुद्धा सांगता येणार नाही. निशिगंधाने काय भरलं, ते विचारायला कोणी आलं नाही, म्हणून सांगायचं राहून गेलं. ती अजूनही त्या टेकडीवर जाते. बोळात वाकते, आत बसते, टॉर्च आडवा धरते, आणि वर्तुळं वर येऊ लागली की बाहेरून एक आवाज येतो, हसरा, चांगल्या घरचा, "झालं?" दर वेळी येतो. ती उठत नाही. बॅटरी संपेपर्यंत बसून राहते, आणि पूर्वीची शांतता तिला तिथे आता परत मिळत नाही. ती शांतता तिने भरली, स्वतःच्या खुशीने, कोणाकडून उसनी न घेता.